काचेवरचा सरस

खूप जुन्या काळची गोष्ट. नदीला तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जायला नाव लागायची. नदीकाठच्या एका गावात एक चितारी राहायचा. काचेच्या मागून चित्र रंगवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. आपल्या दोन मुली, थोरली गोजरा आणि धाकटी सगुणा, झोक्यावर बसल्यात, असं एक चित्र त्याने हौसेने काढलं होतं.

बाप गेला. चित्र कुणी ठेवायचं, यावरून बहिणी भांडल्या. सगुणा रडतरडत नदीपलीकडे सासरी निघून गेली. गोजराने रागाच्या भरात जाड कागदाला सरस फासला आणि चित्रातल्या सगुणाच्या चेहऱ्यावर चिकटवून टाकला.

वीस वर्षं गेली. एके दिवशी नावाड्याने निरोप आणला, "धाकट्या बाई चार दिवसांनी येताहेत. तुमची फार आठवण काढत होत्या."

गोजरा धावत चित्रापाशी गेली. तिने कागद ओढला. तो फाटला, पण खालचा सरस दगडासारखा वाळलेला. ती सुरीने खरवडू लागली, तर काचेवर कर्रकन ओरखडा उठला.

तेवढ्यात बांगड्या विकणारी म्हातारी कासारीण दारात आली.

"अगं गोजरे, सुरी ठेव आधी! काचेशी जोर करतात का? कोमट पाण्याचं फडकं ठेव त्यावर. रंग मागच्या बाजूला आहे, त्याला काही होत नाही. फडकं गार झालं की पुन्हा ठेव."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर आणखी एकदा ठेव."

गोजरा फडकी बदलत बसली. बोटाने हलकेच चोळलं की सरस मऊ होऊन थोडाथोडा निघे. हनुवटी दिसली, मग ओठ. "अजून उंच, ताई!" असं ओरडणारी सगुणा तिला ऐकू येऊ लागली. बाबांच्या नखांतला निळा रंग आठवला. डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत.

चौथ्या दिवशी सगुणा आली, तेव्हा चित्रातले डोळे अजून झाकलेलेच होते.

"मीच केलं गं हे," गोजरा मान खाली घालून म्हणाली.

 सगुणाने पदर खोचला आणि फडकं पिळलं.

"सरक जराशी, ताई."

दिवेलागणीला चित्रातले डोळे मोकळे झाले. सगुणा म्हणाली, "वीस वर्षं कशाला गं घालवली आपण?"  गोजराने बहिणीचे ओले हात नुसते धरून ठेवले.

दोन दिवसांसाठी आलेली सगुणा महिनाभर राहिली.

तात्पर्य : रागाने चिकटवलेलं जोराने सुटत नाही, ते माया आणि धीर यांनीच सुटतं.