दक्षिणेच्या पाटावरचा पोपट

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांना अजून नावे पडायची होती तेव्हाची. अशाच एका बिननावाच्या नदीकाठी रंगाऱ्यांचे गाव होते. मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून ते असा लाल रंग काढत की कापड विरले, फाटले, त्याचे पायपुसणे झाले, तरी ते लालच राहायचे. दूरच्या बाजारात लोक कापड उन्हात धरून विचारत, "त्या घाटाचंच ना?"

हे गाव नशिबाने मोठे झाले नव्हते. एका रिवाजाने ते मोठे झाले होते.

रंगकामाचा हंगाम सुरू होण्याआधी घाटावर चार पाट मांडले जात. पूर्वेच्या पाटावर बसणाऱ्याने आपले बळ सांगायचे. पश्चिमेच्या पाटावर बसणाऱ्याने आपली उणीव सांगायची. उत्तरेच्या पाटावरून संधी सांगायची आणि दक्षिणेच्या पाटावरून संकट. पहिल्या दोघांनी गावातच फिरायचे, घराघरांत, रांजणारांजणांत डोकावायचे. दुसऱ्या दोघांनी मात्र गावाबाहेर जायचे. एकाने नदीच्या खालच्या अंगाला, बाजारांकडे. दुसऱ्याने वरच्या अंगाला, उगमाकडे.

बाहेर गेलेले दोघे परतले की सर्वांसमोर परातीत त्यांचे पाय धुतले जात. पाणी गढूळ झाले तरच बोलायचे. ज्याच्या पायाला चिखल नाही त्याच्या जिभेला मान नाही, असा नियम होता. चौघांचे ऐकून मग गाव ठरवी: यंदा किती रंगवायचे, नवे काय करायचे, जुने काय सोडायचे.

किती साधी, किती शहाणी रीत! आणि गावाने तिची माती कशी केली ते ऐका.

एका वर्षी दक्षिणेच्या पाटावरून एक म्हातारा रंगारी म्हणाला, "रानातली मंजिष्ठा संपत चाललीय. उपटतात सगळे, लावत कुणीच नाही." गावाला हे झोंबले. गावाने त्याला वाळीत टाकले. त्याच्या चुलीला विस्तव मिळेना, त्याच्या नातीच्या बारशाला कुणी फिरकले नाही. पुढे मंजिष्ठा खरोखरच मिळेनाशी झाली, तेव्हा गावाने गुपचूप तिची लागवड केली. म्हाताऱ्याची माफी मात्र कुणीही मागितली नाही.

त्यानंतर त्या पाटावर बसायला कोण धजावणार? मग गावाला अचानक आठवले की दक्षिण ही तर यमाची दिशा! "जिवंत माणूस कशाला बसवायचा तिथं?" असे म्हणून गावच्या कारभाऱ्याने त्या पाटावर पिंजऱ्यातला पोपट ठेवला. त्याला एकच बोल शिकवला होता, "संकट नाही! संकट नाही!" रिवाज मोडायला नको म्हणून दरवर्षी पोपटाचे पाय परातीत धुतले जात. पाणी नितळच राही. लोक टाळ्या वाजवत आणि जेवायला जात.

अशातच राजाच्या मुलीचे लग्न ठरले. साऱ्या सैन्याला लाल पागोटी हवी होती. राजाचा सरदार अट घेऊन घाटावर आला. रंग साधला तर गावाला पिढ्यानपिढ्या राजाचे काम. रंग चुकला तर घाट राजाचा, आणि रंगाऱ्यांनी गाव सोडायचे.

चार पाट मांडले गेले. पूर्वेच्या पाटावरून गावाच्या बळाची आरतीच झाली. पश्चिमेच्या पाटावर कारभाऱ्याचा मेहुणा बसला होता. तो खाकरून म्हणाला, "आपली उणीव म्हणाल, तर एकच. आपला रंग इतका टिकतो की गिऱ्हाईक पुन्हा येतच नाही." सगळे खो खो हसले. उत्तरेच्या पाटावरून संधी सांगायची गरजच नव्हती, ती सरदाराच्या रूपाने समोर उभी होती. मग सगळ्यांनी दक्षिणेकडे पाहिले.

"संकट ना..." पोपटाने सुरुवात केली.

"थांबा, मामंजी. त्याला उचला. मला बसायचंय."

ती कारभाऱ्याची सून होती. तिचे माहेर नदीच्या वरच्या अंगाला होते, आणि ती तिथून काठाकाठाने चालत नुकतीच पोहोचली होती. तिचे पाय घोट्यापर्यंत पांढरेफटक झाले होते.

"सूनबाई, पाहुणे बसलेत. पदर सावर आधी."

"पदर जागेवर आहे, मामंजी. नदी जागेवर नाही."

आणि कुणी उठायच्या आत तिने परातीत पाय बुडवले. पाणी ताकासारखे पांढरे झाले.

"हा चुना आहे," ती म्हणाली. "वर राजाचा नवा किल्ला बांधतायत. सगळा काठ चुन्याच्या भट्ट्यांनी भरलाय. कळीचा चुना तिथंच विझवतात आणि पाणी नदीत सोडतात. अजून आपल्यापर्यंत थोडंच येतंय. पण भट्ट्या वाढतायत. आपण पागोटी बुडवू तोवर घाटावर हेच पाणी असेल."

तिने जवळच्या दोरीवरची नमुन्यासाठी नुकतीच रंगवलेली पट्टी ओढली आणि परातीत टाकली. लाल रंग बघता बघता मावळला. पट्टी वांग्याच्या सालीसारखी झाली.

मग मेहुणा हसला. "परातीतल्या पाण्यावरून नदी ओळखायची होय आता?"

"मग इतकी वर्षं पाय कशाला धुता, मामा? पोपटाला आंघोळ घालायला?"

कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"काम घेऊ नका असं मी म्हणत नाही," ती काकुळतीने म्हणाली. "घ्या. पण रांजण भट्ट्यांच्या वरच्या अंगाला हलवा. नाहीतर ही घाटाची अट तरी काढून घ्या. निदान एकानं वर जाऊन बघून यावं! मामंजी, घाट गेला तर आपण जायचं कुठं?"

कारभारी लाल झाला होता, त्याच्या कापडाहून लाल. "किल्ला राजाचा, लग्नही राजाचं. राजाचं काम राजाच्याच कामाला आडवं येईल होय? माहेराहून येताना शिदोरी आणतात, तू अपशकुन आणलास!" त्याने परात उचलली आणि पाणी नदीत भिरकावून दिले. तिचा नवरा तिथेच उभा होता. त्याने मान वर केली नाही.

"संकट नाही!" पोपट ओरडला. आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

मला त्या पोपटाचा राग येत नाही. तो बिचारा शिकवले तेवढे बोलला. मला राग येतो तो टाळ्यांचा. पांढरी परात ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्याच हातांच्या त्या टाळ्या होत्या! आपल्याला पाहायचे नाही असे ते उघड म्हणाले असते, तरी मी त्यांना प्रामाणिक म्हटले असते. पण नाही. चार पाट हवेत, परात हवी, पाय धुणेही हवे. फक्त चिखल नको.

पागोटी बुडवली गेली. पहिल्याच घाण्याला रंग काळवंडला. कारभारी म्हणाला, "मंजिष्ठा वाढवा." मंजिष्ठा वाढवली. मग तुरटी वाढवली. मग देवाला नारळ वाढवला. वर चढून नदी पाहायला मात्र कुणी गेले नाही.

लग्नाच्या मिरवणुकीत सारे सैन्य वांगी डोक्यावर घेतल्यासारखे चालले. दुसऱ्याच दिवशी राजाची माणसे घाटावर आली. रांजण फोडले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी डोक्यावर बोचकी घेतली आणि वाटेत एकमेकांना विचारू लागले, "आपल्याला कुणी सांगितलं का नाही?"

सून त्यांच्यासोबत गेली नाही. तिच्या नवऱ्याने फुटायचा राहिलेला एक रांजण खांद्यावर घेतला. "वाट तू दाखव," तो म्हणाला. दोघे भट्ट्यांच्याही वर गेले, जिथे पाणी अजून स्वच्छ होते. हळूहळू काही घरे त्यांच्यामागे आली. वाळीत टाकलेल्या म्हाताऱ्याची नात सर्वांत आधी आली. पुन्हा लाल रंग निघू लागला, आणि पुन्हा चार पाट मांडले गेले.

त्या पहिल्याच बैठकीला कारभारी आला. हातात पिंजरा होता. भट्ट्यांजवळून चालत आल्याने पाय पांढरे झाले होते. सुनेने परात पुढे केली आणि त्याचे पाय धुतले. मग तो दक्षिणेच्या पाटाकडे वळला.

"मी भट्ट्या बघून आलो," तो म्हणाला. "संकट सांगतो."

"ते आम्हाला ठाऊक आहे, मामंजी," ती म्हणाली. "तुमचा पाट तो." आणि तिने पश्चिमेकडे बोट केले. उणिवेच्या पाटाकडे.

कारभारी बसला. मग म्हणाला, "मला खरं ऐकवत नव्हतं."

"संकट नाही!" पिंजऱ्यातून पोपट ओरडला.

या वेळी टाळी कुणीही वाजवली नाही.

लहानांनी लक्षात ठेवावे आणि मोठ्यांनी विसरू नये: ज्या धंद्यात संकट सांगणाऱ्याला पाट मिळत नाही, त्या धंद्याला घाट उरत नाही.