एका पंख्याचं कार्ड

त्या दिवशी ऊन असं रणरणत होतं, की यासीनभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा पत्रा तडतडत होता. आत फळीवर पडद्यावर चित्र उमटवणारी दोन ग्राफिक्स कार्डं शेजारी बसली होती. एक नवंकोरं, तीन पंख्यांचं. दुसरं जुनं, एका पंख्याचं. संध्याकाळी ते भंगाराच्या पोत्यात जाणार होतं.

"माझी मेमरी सोळा जीबी. तुझी रे?" नव्यानं विचारलं.

"दोन," जुनं हळूच म्हणालं.

"अगंबाई! एवढ्यात काय मावतं?"

जुन्याला पोतंच दिसू लागलं.

तेवढ्यात लग्नाचे अल्बम करणाऱ्या भागीरथीताई आपला कॉम्प्युटर घेऊन आल्या. "भाई, पडद्यावर काही दिसत नाही हो. उद्या नवरीकडे फोटो द्यायचेत."

यासीनभाईंनी आतलं बिघडलेलं कार्ड काढून नवं बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला नि लगेच बंद पडला. "याला वीज फार लागते ताई. तुमच्या डब्याला नाही झेपायची." मग त्यांनी जुन्यावरची धूळ ब्रशनं झाडली आणि ते बसवलं. पंखा जरा कुरकुरला, मग फिरू लागला. पडद्यावर हळदीनं माखलेली नवरी हसली.

नवं फळीवर परतलं आणि जुन्याकडे पाहू लागलं. मग म्हणालं, "शेजाऱ्या, पोतं चुकलं बघ तुझं. जा, नीट नांद. माझ्याजोगं घरही असेलच की कुठंतरी."