दांड्यावरच्या अक्षता

जयसिंगपूरच्या सुबराव लोहारांनी पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून हेलिकॉप्टर बांधलं. पण वरची पाती फिरवली की सगळा सांगाडा थडथडायचा. पात्यांचा तोल साधल्याशिवाय उडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तोल साधायचं यंत्र अख्ख्या जिल्ह्यात एकाच कॉलेजात.

सुबराव तिथं सहाव्यांदा गेले. विभागप्रमुख घळसासी सरांनी मान वर न करताच सुनावलं, "यंत्र रात्रंदिवस चालू असतं. तुमच्या खेळण्यासाठी वेळ नाही."

खेळणं? सुबरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालतं तरी कसं, बघू द्या," म्हणत ते तडक प्रयोगशाळेत शिरले. मागोमाग सर आणि सरांमागे विद्यार्थी.

यंत्राच्या फिरायच्या दांड्यावर गेल्या खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू होतं आणि त्यावर पाच अक्षता.

सुबरावांनी हात जोडले. "धन्य आहे, सर! दांडा वर्षभर रात्रंदिवस फिरतोय आणि अक्षतेचा एक दाणा जागचा हलला नाही. असला तोल तर विमानवाल्यांनाही साधत नसेल. माझी पाती इथंच लावायची!"

विद्यार्थी फिसकन हसले. घळसासी सरांनी खिशातून रुमाल काढला, स्वतःच्या हातानं दांडा पुसला आणि हळूच विचारलं, "पाती कुठं आहेत?"