ससेमामांचे ठसे

जंगलात अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एक चितळीण आपल्या पाडसाला, बुंदीला, पाणवठ्याच्या चिखलात ठसे ओळखायला शिकवायची. खूर कुणाचे, पंजे कुणाचे, सगळं बुंदीला पाठ झालं. फक्त एक नियम तिला नकोसा व्हायचा: दुसऱ्याच्या ठशावर पाय द्यायचा नाही.

एका दुपारी बुंदीच्या घशाला कोरड पडली होती. चिखलात ताजे ठसे होते, पण फक्त सशाचे.

"ससाच आहे गं आई! चल, पिऊ या."

"कोण आलं ते ओळखलंस. आता तो गेला कसा, ते बघ."

बुंदी वाकली. ससा टुणटुणत आला होता, पाण्यापाशी थबकला होता आणि तिथूनच लांब लांब उड्या टाकत माघारी पळाला होता. पाणी न पिताच! तिने मान वर केली. पलीकडे करवंदीच्या जाळीत ठिपक्याठिपक्यांची शेपटी हलली. बिबट्या!

मायलेकी हळूच मागे सरल्या. तेवढ्यात बुंदी वळसा घालून निघाली.

"अगं, सरळ चल की!" आई कुजबुजली.

"ससेमामांचे ठसे मोडतील ना," बुंदी म्हणाली. "मागून कुणीतरी तहानलेलं येईल."