सुलतानांचा दम

भट्टी आज दुपारीच फोडायची, असं सुलतानांनी फर्मावलं आणि उस्ताद बद्रुद्दीन यांच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ल्याच्या नव्या दरवाजासाठी त्यांनी मातीच्या फरश्यांवर वेली कोरल्या होत्या, त्यात निळे-हिरवे रंग भरले होते, आणि वर्षभराची ती सगळी मेहनत भट्टीत बंद होती. आग कालच विझलेली. अशी भट्टी तोंड लिंपून आपोआप गार होऊ द्यायची असते. आधीच वारा शिरला की फरश्या तडकल्याच. पण सुलतानांचे मेहुणे उद्या येणार होते, आणि मेहुण्यांच्या दरवाजावर निळ्या फरश्या कधीच लागल्या होत्या. मग काय विचारता!

उस्तादांनी हातापाया पडून पाहिलं. सुलतानांनी उलट त्यांनाच सज्जड दम दिला. भट्टी उघडली नाही तर शहर सोडायचं, फरश्या तडकल्या तरी शहर सोडायचं. वर म्हणाले, जेवण उरकून मी स्वतःच येतो.

उस्तादांची लेक जुलेखा शाही मुदपाकखान्यात कामाला होती. पुलावाच्या देगेचं झाकण कणकेने लिंपायचं काम तिचं. बापाची बातमी कानावर आली तेव्हा देग नुकतीच लिंपून झाली होती. तिने ती तशीच नोकरांकडून उचलवली, सुलतानांसमोर नेऊन कणीक फोडली आणि ताट वाढलं. पहिल्याच घासाला सुलतानांच्या दाताखाली तांदूळ कचकन वाजला.

“दम बसायच्या आत देग कुणी फोडली?”

“मी फोडली, हुजूर. म्हटलं, आज हुजुरांना बंद असलेलं सगळंच लवकर हवंय.”

“अगं वेडे, वेळेआधी झाकण काढलं की सगळ्याची माती होते!”

“पुलावाची होते, हुजूर. फरशीची तर मातीसुद्धा होत नाही. भाजलेली फरशी तडकली, की ती भिजवून पुन्हा घडवता येत नाही.”

सुलतानांचा हात ताटातच थांबला. मग ते जरा नरमाईने म्हणाले, “तर मग आम्ही करायचं काय?”

“दम द्यायचाच असेल, तर हुजुरांनी भट्टीला द्यावा. अब्बांना देऊन काय उपयोग?”

सुलतान असे खदखदून हसले की खरकट्या हातानेच डोळे पुसायला गेले आणि मसाला झोंबून आणखी रडले. दरवाजा सजेपर्यंत मेहुण्यांना पाहुणचारात अडकवून ठेवायचं ठरलं. जुलेखाला शालजोडी मिळाली, उस्तादांना शहरात कायमचं घर मिळालं. आणि ती देग पुन्हा लिंपून, निखाऱ्यांसकट, त्यांच्या नव्या घरी रवाना झाली. सोबत फर्मानही होतं: जुलेखा सांगेपर्यंत झाकणाला कुणीही हात लावायचा नाही, खुद्द सुलतानांनीसुद्धा!