थंडी जिंकायला आलेला

"चोमो, थंडी जिंकायची विद्या मला देणार की नाही?"

चोमो म्हणजे भिक्षुणी. चांगथांगच्या उघड्या पठारावर, शेळ्या पाळणाऱ्यांच्या तंबूंत राहणारी ही म्हातारी यांगदोल. चुलीसाठी वाळलं शेण मोडता मोडता तिनं विचारलं,

"उन्हाळा जिंकलास?"

"चंद्रपुरात! भर वैशाखात. चारी बाजूंना आग, डोक्यावर सूर्य." विश्वंभरला हे सांगायला फार आवडे.

"वा रे पठ्ठ्या! आणि बाकीची माणसं?"

"ती बसली घरात, वाळ्याच्या ताट्या लावून."

"तुझा माठ कोण भरायचं?"

"शेजारच्या बायका भरून ठेवत..."

"हं."

त्या 'हं'नं तो पेटला. "आजच बघा. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत उघडा बसतो. कुडकुडलो, तर खाली उभ्या असलेल्या रेशनच्या ट्रकनं परत. नाही कुडकुडलो, तर शिष्य करून घ्यायचं."

घरदार सोडून आलेला माणूस. परत म्हणजे कुठं, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

घोंगडी बाजूला टाकून तो तंबूबाहेर बसला. मिशीवर श्वास गोठला, पण गडी हलला नाही. खोटं कशाला बोला, बसू शकत होता तो.

दुपार कलताना चोमो शेळ्यांच्या वाड्यातून आली. नुकतंच जन्मलेलं, ओलं करडू तिनं सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय? माझी परीक्षा चाललीय!"

"चालू दे की. याची आई अजून उठलेली नाही."

"मग तंबूत न्या!"

"तू रिकामाच तर बसलायस."

करडू थरथरत होतं. मग थरथर मंदावली... डोळे मिटू लागले.

घोंगडी हाताच्या अंतरावर होती. खाली ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

विश्वंभरनं एक सणसणीत शिवी हासडली, घोंगडी ओढली आणि करडाला छातीशी धरून ती दोघांभोवती गुंडाळली. चोळत राहिला... चोळत राहिला.

करडू पुन्हा थरथरलं. त्या ओल्या अंगानं यालाही हुडहुडी भरली. दात वाजू लागले.

सूर्य अजून डोंगरावरच होता.

"हरलो," तो उठत म्हणाला. "निघतो मी. हे घ्या."

त्यानं करडू पुढे केलं. चोमोनं बाह्यांतले हात बाहेर काढलेच नाहीत.

"कुडकुडतोस ना?"

"दिसत नाही का?"

"मग राहा."