माईसमोरची तपकिरी भिंत

“पण तपकिरीच का, बुवा?”

उमाकांतने पुन्हा विचारलं. सोमबुवा मठाच्या ओटीवर पेज पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही.

“गडद हवा. भिजलेल्या मातीसारखा,” ते म्हणाले. “आणि रंगारी बोलावू नको. तू लाव.”

उमाकांत लोकांची घरं सजवून द्यायचा. रंगाच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

माई त्याची आई. आजारपणात तिची नजर अधू झाली. थोडी उरली आहे, तेवढीच राहील, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या नजरेला उजेड कमी पडू नये म्हणून लेकाने तिची खोली पांढरीशुभ्र करून टाकली. भिंती, फरशी, पडदे, वर छतभर दिवे. स्वतःही पांढरा सदरा घालू लागला. प्रेमाने केलं, यात शंका नाही.

पण तेव्हापासून माई मान खाली घालून बसायची. त्याला आवाजावरून ओळखायची, पाहायची मात्र नाही. होती तीही नजर गेली, असं त्याने मनाशी धरलं आणि रडवेला होऊन बुवांकडे आला. तर बुवा त्याला रंग सांगत होते.

“खोली अंधारी होईल. लोक हसतील मला.”

“हसू देत.”

“जिला दिसतच नाही, तिला भिंतीच्या रंगाचं काय?”

बुवा नुसते पाहत राहिले. उमाकांतला ते पाहणं सोसेना.

चरफडत का होईना, माईच्या खाटेसमोरची भिंत त्याने रंगवली. हात तपकिरी, तोंड आंबट.

भिंत वाळल्यावर बुवा आले. खुणेनेच त्यांनी दिवे बंद करायला लावले. खिडकीतून येत होता तेवढा उजेड राहिला. मग ते माईसमोर त्या भिंतीला टेकून बसले. गडद भिंतीवर पांढरी दाढी, पांढरी कफनी उठून दिसत होती.



माईने मान वर केली. डोळे बारीक केले. हळूहळू तिचे हात जुळले.

“सोमबुवा आलेत,” ती म्हणाली.

बुवांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. उमाकांतने एकदा भिंतीकडे, एकदा माईकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने रंग कालवले होते, पण भिंत असं काही करू शकते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“बुवा, हे…”

बुवा उठले. बसल्या जागेकडे त्यांनी बोट केलं. उमाकांत तिथे बसला.

माई बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

“उमा,” ती म्हणाली, “केस पिकले की रे तुझे.”

तो लहान पोरासारखा रडला. माईचा हात त्याच्या केसांवरून फिरत होता आणि आता तो चाचपडत नव्हता.

पण खोड जाते थोडीच. डोळे पुसता पुसता त्याने विचारलंच, बाकीच्या भिंतींना कुठला रंग लावू?

बुवा दाराशी चपला पायात सरकवत होते.

“माईला विचार,” ते म्हणाले, “तू तिला कुठं कुठं दिसायला हवास.”